लग्न न केलेल्या आईबापांना डेकेअरची पावती: एक, दोन, की मागाल तितक्या?

पावतीपुस्तक:
अमेरिकेतल्या घरगुती डेकेअरवरच्या धाग्यात काल एकांनी छातीठोक सल्ला दिला: "आईबापांचं लग्न झालेलं नसेल तर वर्षअखेरीला दोघांनाही पूर्ण रकमेची पावती देऊन मोकळं व्हावं. डेकेअरच्या खर्चावरची करसवलत (क्रेडिट) कोण घेणार ते त्यांचं ते बघतील." वाचून डोक्यात तिडीक गेली, म्हणून हा वेगळा धागा.

फी महिना १,२०० डॉलरने वर्षाचे १४,४०० आले. दोघांना पूर्ण पावत्या दिल्यात की कागदावर २८,८०० आणि तुमच्या, म्हणजे डेकेअरवालीच्या, शेड्यूल सी वर (धंद्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर) १४,४००. क्रेडिट मागायच्या फॉर्म २४४१ वर पालक तुमचं नाव, पत्ता, कराचा नंबर आणि रक्कम लिहितातच. मग प्रश्न कुणाला विचारले जातील?

ज्याने पैसे दिले त्याच्या नावे, आणि दिले तेवढ्याचीच पावती. आईने चेकने ८,४०० दिले, बापाने झेलने (बँकेतून थेट पैसे पाठवायच्या ॲपने) ६,०००, तर दोन पावत्या आणि बेरीज १४,४००. प्रत्येकीवर मुलाचं नाव, सांभाळल्याचा काळ, पैसे मिळाल्याच्या तारखा, पत्ता, ईआयएन (धंद्याचा कर-नंबर), सही. जोडखात्यातून आले असतील तर एकच पावती, दोघांच्या नावे. मूल कुणाच्या रिटर्नवर जायचं, हे डेकेअरवालीने ठरवायचं नाही.

दोन_घरं:
सांगायला काय जातंय! मूल राहतं आईकडे, फी भरतो बाप. तुमच्या नियमाने पावती बापाच्या नावे. त्याला ती क्रेडिटसाठी चालत नाही आणि आईकडे पावती नाही. म्हणजे दोघांच्याही हाती भोपळा. त्यापेक्षा आईच्या नावे लिहिली तर कुणाचं काय बिघडलं?

पावतीपुस्तक:
बिघडलं असं की ती पावती खोटी झाली. झेलच्या नोंदीत बापाचं नाव, पावतीवर आईचं. तपासणीत पावतीबरोबर बँकेचा उताराही मागतात, तेव्हा काय दाखवणार?

आकडेमोड:
दोघेही पावतीवरून भांडताय आणि गाठ दुसरीकडेच आहे. वेगळे राहणाऱ्या आईबापांत डेकेअरचं क्रेडिट फक्त ज्याच्याकडे मूल वर्षात जास्त रात्री झोपतं त्यालाच. रात्री अगदी समान असतील तर ज्याचं एजीआय (ठरावीक वजावटींनंतरचं उत्पन्न) जास्त, त्याला. फॉर्म ८३३२ वर (मुलावरचा हक्क दुसऱ्या पालकाला सोडायच्या फॉर्मवर) आईने सही करून दिली तर बापाला चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतं, डेकेअरचं मिळत नाही. ते आईकडेच राहतं. लोक इथेच हमखास आपटतात.

उपाय वर्षाच्या सुरुवातीला करायचा असतो. बापाने डेकेअरला थेट पैसे देऊ नयेत. तेवढीच रक्कम चाइल्ड सपोर्टमध्ये (मुलाच्या पोटगीत) वाढवून आईला द्यावी आणि आईने तिच्या खात्यातून फी भरावी. मग पावती आपोआप आईच्या नावे, आणि खरी. डिसेंबरात डेकेअरवाल्या काकूंना "जरा नाव बदलून द्या ना" म्हणण्यात अर्थ नाही.

एकाच घरात राहत असतील तर मूल दोघांपैकी कुणीही रिटर्नवर दाखवू शकतं, पण एकानेच. ज्याच्या रिटर्नवर मूल, त्याने स्वतः भरलेलीच फी धरायची. वरच्या उदाहरणात मूल आईने दाखवलं तर बापाचे ६,००० कुणालाच धरता येत नाहीत. दोघांनी दाखवलं तर नंतर भरणाऱ्याचं ई-फाइल (ऑनलाइन रिटर्न) बहुतेकदा परत येतं, आणि पुढे पत्रव्यवहार.

खारघर_ते_एडिसन:
हे सगळं पावती मिळते असं धरून चाललंय. आपल्या लोकांच्या निम्म्या डेकेअरमध्ये नंबर मागितला की चेहरा पडतो. "कॅश दिलीत तर महिन्याला शंभर कमी" हे आधीच ठरलेलं. डब्ल्यू-१० (डेकेअरवालीकडून नाव, पत्ता, नंबर घ्यायचा फॉर्म) पुढे केला की "आम्ही असले फॉर्म भरत नाही." चोराच्या उलट्या बोंबा!

काकूंची_बाजू:
निम्म्या? मोजून आलात का? आणि शंभर डॉलर कमी घेताना बरं वाटतं, फेब्रुवारीत क्रेडिट आठवतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार! रोखीचा सौदा दोघांचा असतो.

शिवाय सोशल सिक्युरिटी नंबर दहा घरांत वाटायला कुणालाही नको वाटणारच.

खारघर_ते_एडिसन:
मग ईआयएन काढावा. आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) साइटवर फुकट, ऑनलाइन, लगेच. नोकर ठेवलेला असायला हवा असंही नाही. डब्ल्यू-१० वर तोच नंबर द्यायचा. सबब संपली. आणि नंबर नाकारला तर डेकेअरवालीला ५० डॉलर दंड आहे, हे त्या फॉर्मवरच छापलंय.

काकूंची_बाजू:
५० डॉलर! घाबरले. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या बायकोच्या व्हिसावर) असलेल्या बाईला ईएडी (कामाची परवानगी) नसेल तर ती काय करणार, तेही सांगा.

खारघर_ते_एडिसन:
मग तिने पैसे घेऊन मुलं सांभाळू नयेत. स्वतःच्या घरात केलं म्हणून ते काम होत नाही असं थोडंच आहे? नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर असेल तर २०१५ पासून ईएडी मागता येतो. नसेल तर व्हिसा पणाला लागतो, पावती तर पुढची गोष्ट.

काकूंची_बाजू:
आणि हे ठाऊक असून तिच्याकडे मूल ठेवणारे तुम्ही कोण? धुतल्या तांदळाचे?

आकडेमोड:
अहो, व्हिसा वेगळा, कर वेगळा. परवानगी असो वा नसो, कमाईवर कर लागतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएनही (तो मिळू न शकणाऱ्यांचा कर-नंबर) २४४१ वर चालतो. साफ नकार मिळाला तरी क्रेडिट बुडत नाही. नाव-पत्ता लिहायचा, नंबर मागितला पण दिला नाही असं निवेदन जोडायचं आणि मागितल्याचा पुरावा ठेवायचा. म्हणून फोनवर मागू नका, ईमेलने मागा. रोखीचं मात्र अवघड आहे. पावती नसेल तर दर महिन्याला बँकेतून काढलेली तेवढीच रक्कम दाखवून किती पटवणार?

आणि परवान्याचं विसरू नका. घरात न राहणारी सहापेक्षा जास्त मुलं असतील तर आयआरएसच्या लेखी ते केंद्र ठरतं. राज्याचे नियम पाळले नसतील तर पालकाचं क्रेडिट जातं. न्यू जर्सीत पाच मुलांपर्यंत नोंदणी ऐच्छिक आहे म्हणून सगळीकडे तसंच असेल असं समजू नका.

दोन_घरं:
एवढी आदळआपट कशासाठी? २०२५ च्या रिटर्नला एका मुलामागे ३,००० पर्यंतचा खर्च धरतात, ४३,००० च्या वर एजीआय गेलं की २० टक्के. म्हणजे ६०० डॉलर. त्यासाठी काकूंना वेठीला धरताय.

आकडेमोड:
२०२६ पासून कमाल ५० टक्के आहे, बेताच्या उत्पन्नाच्या एकट्या आईला फरक पडतो. आणि एफएसए (पगारातून करमुक्त पैसे डेकेअरसाठी बाजूला ठेवायची ऑफिसची सोय) विसरलात. २०२५ पर्यंत ५,०००, २०२६ पासून ७,५००. ज्याच्याकडे मूल कमी रात्री असतं त्या बापाने ऑफिसातून एफएसए घेतला तर पावत्या जोडून पैसे मिळतातही, पण रिटर्नमध्ये २४४१ च्या तिसऱ्या भागात ती रक्कम करपात्र होते. डब्ल्यू-२ च्या (पगाराच्या वार्षिक दाखल्याच्या) दहाव्या चौकटीत आकडा छापलेला असतो, लपत नाही.

दोन_घरं:
बरं, एफएसएचं मान्य. चाइल्ड सपोर्टचा मार्गही मान्य, बाप आणि आई एकमेकांशी बोलत असतील तर. बोलत असते तर हा धागाच नसता.

काकूंची_बाजू:
पावतीपुस्तकराव, एक राहिलं. २९ डिसेंबरला जानेवारीची फी आली तर ती कुठल्या वर्षात?

पावतीपुस्तक:
तुमच्या उत्पन्नात डिसेंबरात, पैसे हातात आले तेव्हा. पालकाच्या क्रेडिटमध्ये पुढच्या वर्षी, कारण मूल तेव्हा सांभाळलं. म्हणून वार्षिक पावतीवर नुसती बेरीज लिहू नका. प्रत्येक रकमेपुढे मिळाल्याची तारीख आणि कुठल्या महिन्याची फी, अशा दोन रकान्यांत लिहा. सुरुवातीला घेतलेलं डिपॉझिट वेगळ्या ओळीत. ते शेवटच्या महिन्याच्या फीत वळवाल, तेव्हा त्या महिन्यापुढे धरा.

काकूंची_बाजू:
एवढं जरा सरळ आधीच लिहिलं असतं तर.