१९ फेब्रुवारीला शिवजयंतीसोबत थिंद खटलाही आठवावा का?

जर्सीकर:
आमच्या मंडळाच्या शिवजयंतीच्या मीटिंगमध्ये मी फक्त पाच मिनिटं मागितली होती, ती मिळाली नाहीत, म्हणून इथे विचारतोय. १९ फेब्रुवारी १९२३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणजे त्याला इथलं नागरिकत्व घेता येणार नाही. केस भगतसिंग थिंदची. अमृतसरकडचा शीख, ओरेगनच्या लाकडाच्या गिरणीत काम केलेला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात पगडी घालून नोकरी केलेला. डिसेंबर १९१८ मध्ये कॅम्प लुईस या लष्करी तळावर अंगावर युनिफॉर्म असतानाच त्याला नागरिकत्वाचा कागद मिळाला आणि चार दिवसांत तो रद्द झाला. १९२० मध्ये ओरेगनच्या कोर्टाने परत दिला, तर सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं.

मी स्वतः नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा हातात छोटा झेंडा, बाजूला मुलगी, आणि ग्रीन कार्ड परत देताना पोटात उगाच गोळा आला होता. पुढे जुन्या सर्टिफिकेटचा फोटो बघितला तर त्यात उंची, डोळ्यांचा रंग यांच्यासोबत माणसाच्या रंगाचाही रकाना! तेव्हापासून हा निकाल डोक्यातून जात नाही. आपल्या मुलांना हे माहीत असायला हवं आणि तारीख तीच आहे, हॉलही बुक आहे, मग काय हरकत आहे?

फ्रिमाँटची मावशी:
माझी हरकत आहे आणि ती मनापासून आहे. लेझीम, पोवाडा, पाळणा, त्या सगळ्यासाठी पोरं महिनाभर राबतात, वर्षातून एक दिवस त्यांना ताठ मानेने आपलं काही मिरवायला मिळतं. त्याच स्टेजवर 'तुम्हाला इथे नको म्हटलं होतं' हे सांगायचं? वेगळा दिवस घ्या. २ जुलै घ्या ना, १९४६ ला ट्रुमन यांनी त्याच तारखेला लूस-सेलर कायद्यावर सही केली आणि भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता उघडला. आनंदाची गोष्ट आनंदाने सांगता येईल.

जर्सीकर:
मावशी, पण दार कोणी आणि कधी बंद केलं ते सांगितल्याशिवाय २ जुलै मुलांना कळणारच नाही. आणि त्या कायद्याने भारताला वर्षाचा कोटा किती दिला? १००. अख्ख्या देशाला शंभर.

सातवा मजला:
मला मूळ मुद्दाच पटत नाही. आपण बहुतेक सगळे १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर आलेलो, डिग्री घेऊन, विमानाने. थिंद आणि कॅलिफोर्नियातले पंजाबी शेतकरी यांचा इतिहास मोठा आहे, मान्य, पण तो त्यांचा आहे. उगाच सगळ्याच जखमा आपल्या म्हणून दाखवायच्या नाहीत.

रानजाई:
'त्यांचा'? सातवा मजला, १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी माणसाला 'गोरा' ठरवून नागरिकत्व कायम ठेवलं होतं. म्हणजे एकाच देशातून आलेला एक जण गोरा आणि दुसरा नाही. आणि थिंदच्या वकिलांपैकी एकाचं नाव सखाराम गणेश पंडित. तुम्ही म्हणाल नावावरून आपलं-परकं करू नका, ठीक आहे, नका करू, काम बघा. थिंद हरल्यावर सरकार पंडितांच्याच नागरिकत्वावर उठलं. ते कोर्टात म्हणाले की या कागदावर भरवसा ठेवून मी वकील झालो, मालमत्ता घेतली, आणि माझं नागरिकत्व गेलं तर माझ्या अमेरिकन बायकोचंही जाईल. १९२६ ला अपील कोर्टात जिंकले, १९२७ ला सुप्रीम कोर्टाने सरकारची याचिका ऐकायलाच नकार दिला आणि मग बाकीच्या केसेसही सरकारने सोडून दिल्या. एका माणसाच्या चिकाटीने कितीतरी घरं वाचली!

सगळी नाही वाचली. सॅन फ्रान्सिस्कोत वैष्णोदास बगाई दुकान चालवायचे. बायको कला आणि तीन मुलगे घेऊन १९१५ ला आलेले, १९२१ ला नागरिक झाले, निकालानंतर ते गेलं, त्यामुळे मालमत्ताही गेली. १९२८ ला भारतात जायला अमेरिकेने पासपोर्ट नाकारला, म्हणे ब्रिटिश पासपोर्ट घ्या, आणि ब्रिटिशांचं राज्य नको म्हणूनच तर हा माणूस देश सोडून आला होता. त्यांनी आत्महत्या केली. मागे चिठ्ठी ठेवली, त्यात लिहिलंय की इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी आणि मागचे पूल जळालेले. ही चिठ्ठी मी दरवेळी पूर्ण वाचू शकत नाही.

पाटावरवंटा:
बगाईंबद्दल आदर आहे. पण थिंदला स्टेजवर बसवायला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण मावशींपेक्षा वेगळं आहे. त्याच्या बाजूने कोर्टात जो लेखी युक्तिवाद दिला तो कुणी वाचलाय का? त्यात तो उच्च जातीचा, शुद्ध रक्ताचा आर्य असल्याचा दावा आहे आणि पुढे चक्क असं आहे की लग्नाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच विटाळ पाळतो, म्हणून आम्हाला आत घ्या! माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. त्या युक्तिवादाला मी हळहळू?

जर्सीकर:
पाटावरवंटा, तुमचं बरोबर आहे आणि मी मूळ पोस्टमध्ये ते लिहायला हवं होतं. एवढंच म्हणतो की कायद्यात दोनच दारं होती, १७९० पासून 'गोरी व्यक्ती' आणि १८७० पासून आफ्रिकन वंशाचे लोक. तिसरं दार नव्हतं. थिंदच्या निकालाच्या तीनच महिने आधी याच कोर्टाने ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक वंश, ज्यात उत्तर भारतीयांनाही धरत), म्हणून थिंदने कॉकेशियन असल्याचं दाखवलं, तर त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिलं की शास्त्र काही का म्हणेना, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा.

पाटावरवंटा:
दोनच दारं होती म्हणून दुसऱ्याला पायाखाली घेऊन आत शिरायचं हे मला मान्य नाही. आणि दुसरा विचार त्या काळात सुचतच नव्हता असंही नाही. ९ मे १९१६ ला न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध वाचला, वय २५, आणि त्यात सरळ मांडलं की जातीच्या आत लग्न करणं, हाच जातीचा गाभा आहे. म्हणजे जो रोग त्यांनी १९१६ ला ओळखून दाखवला तोच सात वर्षांनी सुप्रीम कोर्टात गुण म्हणून पुढे केला गेला. सांगायचं तर हे दोन्ही शेजारी ठेवून सांगा.

रानजाई:
हे शेजारी ठेवलेलं मी तरी पहिल्यांदाच वाचतेय. मनापासून थँक्स.

सातवा मजला:
बलसारांचं मला माहीत नव्हतं, ते वाचतो. तरी शिवजयंतीत नको, यावर मी मावशींसोबत आहे.

फ्रिमाँटची मावशी:
इथले जपानी वंशाचे लोक १९ फेब्रुवारीलाच स्मरण दिन पाळतात ना? रुझवेल्टच्या १९४२ च्या हुकमाने सव्वा लाखाच्या आसपास लोक छावण्यांत डांबले, त्यात दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. आमच्या शेजारच्या जपानी आजी दरवर्षी जातात, सोबत नातवंडांना नेतात. ते मी बघितलंय, म्हणून मुलांना सांगायचंच नाही असं माझं म्हणणं नाही. पण पाळण्याच्या आधी नको. ९ मे घ्या, त्याच्या जवळचा शनिवार.

जर्सीकर:
मला तारीख १९ फेब्रुवारीच हवी, मी मागे हटत नाहीये. पण ९ मे पण करू. पाटावरवंटा, निबंधाचा भाग तुम्ही वाचाल का? तो युक्तिवाद मी वाचीन, शब्दही न गाळता.

पाटावरवंटा:
वाचीन. आधी तुमचं, मग माझं.