पुढचा ब्रेक धरून ठेवतोय? आधी लिव्हर बघा

तुम्ही कॅलिपर (डिस्क पकडणारा चाकाजवळचा भाग) दोनदा उघडून साफ केला, तरी ट्रायल्सच्या (दगड-खाचांवरून तोल सांभाळत चालवायच्या स्पर्धेच्या) गाडीचं पुढचं चाक दहा-पंधरा मिनिटांनी जड होतं म्हणताय. मग कॅलिपरला जरा सोडा. थंड असताना मोकळं आणि तापल्यावर जाम, म्हणजे मला मास्टर सिलिंडरचाच (हँडलवर लिव्हरपाशी असलेला, ऑइलला दाब देणारा भाग) संशय येतो.

चाक जाम झालं की तिथेच कॅलिपरवरचा ब्लीड निपल (ऑइल-हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. ब्रेक ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. पुढच्या वेळी निपलऐवजी मास्टरकडचा बँजो बोल्ट (होज, म्हणजे ऑइलची नळी, जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करून बघा. तिथे सुटलं तर दोष मास्टरचा. नाहीच सुटलं आणि निपलला सुटलं, तर होज आतून फुगलाय. (डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि रंगावर ऑइल पडलं तर लगेच पाणी मारा.)

ट्रायल्सवाले एका बोटात ब्रेक लागावा म्हणून लिव्हरचा स्क्रू आत पिळत जातात. मीही तेच केलं होतं. त्याने मास्टरमधला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइलच्या टाकीच्या तळाचं सुईएवढं भोक झाकलेलं राहतं, आणि तापून फुगलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही. लिव्हरच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर तरी ढिलाई ठेवा. भोक कचऱ्याने बुजलं असेल तर गिटारची सर्वांत बारीक तार कामाला येते.

एवढं करूनही अडकला, तर मग कॅलिपरच्या सीलमागच्या खाचेतली पांढरा गंज खरवडा. पिस्टन चकचकीत असतो, खाच कुणी बघत नाही.