देवघर कुठे ठेवू? सासूबाई म्हणतात ईशान्य, फेंगशुईवाला म्हणतो वेल्थ कॉर्नर

कांजूरची_सून:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात लालबागच्या चाळीतून कांजूरमार्गला टॉवरमध्ये वन बीएचकेत आलो, पडदे लागले, वायफाय लागलं पण देव अजून डायनिंग टेबलावर पाटावर बसलेत. सासूबाई रोज सकाळी त्यांना आंघोळ घालतात आणि एकदा माझ्याकडे बघतात, बोलत काही नाहीत, तेच जास्त लागतं.

तर घराचा नकाशा असा, मेन डोअर पूर्वेच्या भिंतीत. आत आलं की डाव्या हाताला किचन, उजव्या हाताला टॉयलेट-बाथरूम, समोर हॉल, हॉलच्या टोकाला पश्चिमेची मोठी खिडकी आणि डावीकडे लांबचा कोपरा म्हणजे आमची बेडरूम. म्हणजे ईशान्येला बिल्डरने नेमकं टॉयलेट दिलंय. नणंदेने हौसेने एक फेंगशुई कन्सल्टंट पाठवला. त्याने दारात उभं राहून प्लॅनवर नऊ चौकोन मारले आणि म्हणाला बेडरूमच्या त्या लांबच्या कोपऱ्यात देव ठेवा, तो वेल्थ कॉर्नर, शेजारी लाफिंग बुद्ध आणि छोटं कारंजं. घरी येऊन गेल्यावर मी मोबाइलवर ॲप टाकलं तर ते म्हणतं वेल्थ आग्नेयेला, म्हणजे किचन! मिस्टर म्हणतात हॉलमध्ये टॉयलेटला लागून भिंत मोकळी आहे तिथेच लावू, पूजा करताना तोंड पूर्वेला येतं, विषय संपला. देवांत अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबा आणि तुळजाभवानीचे टाक. चिनी शास्त्र आपल्या टाकांना लागू होतं का हो मुळात? कोणी केलंय का असं?

सिंगापूर_रिटर्न:
ताई, मी ११ वर्षं सिंगापूरला होतो, घरमालक चिनी, त्यामुळे थोडं जवळून बघितलंय. आधी एक सांगा, त्या माणसाने होकायंत्र काढलं होतं का? नसेल तर त्याची पद्धत वेगळी. दारापासून नऊ चौकोन मोजायचे ही ब्लॅक हॅट पद्धत, लिन युन नावाच्या गुरूंनी ती अमेरिकेत लोकप्रिय केली, गेल्या शतकातलीच. तिच्यात दारातून लांबचा डावा कोपरा पैशाचा. जुनी पद्धत लुओपान नावाच्या होकायंत्राची, तिथे आग्नेय दिशा शुन, म्हणजे लाकूड आणि वारा, तिला हल्ली लोक पैशाची दिशा म्हणतात. म्हणून तुमचं ॲप आणि तुमचा कन्सल्टंट भांडतायत, दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि दोघांनीही देव्हारा बघितलेला नाही :)

फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेकडून हाडं गोठवणारं वारं येतं, म्हणून पाठीशी डोंगर, पुढ्यात पाणी आणि तोंड दक्षिणेला उन्हाकडे. बीजिंगचा १४२० साली पुरा झालेला राजवाडा बघा, दक्षिणमुखी आहे आणि पाठीमागे डोंगर नव्हता तर खंदकाची माती टाकून टेकडी केली. सम्राट बसायचा तोही दक्षिणेला तोंड करून. आता आपल्याकडे दक्षिण म्हटली की यम आठवतो. आणि गंमत म्हणजे आपली लाडकी ईशान्य तिकडच्या परंपरेत भुतांचं दार. जपानमध्ये क्योटोच्या ईशान्येला हिएई डोंगरावर एनर्याकुजी देऊळ आहे ना, ते त्या दिशेने येणाऱ्या बाधेपासून शहराचं रक्षण करतं अशी समजूत. म्हणजे दोन्ही शास्त्रं एकत्र कालवली तर ज्या कोपऱ्यात देव बसवायचे त्याच कोपऱ्यात भूत अडवायचं. आपल्याकडे तर पावसाचा वाराच नैऋत्येकडून येतो, जूनमध्ये तुमच्या पश्चिमेच्या खिडकीवर झड बसेल तेव्हा कळेलच.

पण चिनी लोक स्वतःचे देव मांडताना जे पाळतात ते मात्र आपल्या आजीसारखंच आहे. देवामागे भरभक्कम भिंत हवी, तिच्या पलीकडे टॉयलेट नको, डोक्यावर बीम नको, बेडरूममध्ये नको. म्हणजे कन्सल्टंटची बेडरूम आणि मिस्टरांची भिंत दोन्ही त्यांच्याच हिशोबाने कटाप. किचनचं मात्र त्यांना वावडं नाही. चुलीचा देव झाओ जुन, त्याचा फोटो चुलीपाशीच असतो, नवीन वर्षाच्या आधी तो वर जाऊन घराची चुगली करतो म्हणून त्याच्या ओठांना मध लावतात. आमची मालकीण सढळ हाताने लावायची.

मुंबईतच बघायचं असेल तर माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला, सी यप कून नावाचं चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. एकदा जाऊन या.

खडूस_गिरगावकर:
कारंजं कशाला, मुंबईत पाणी मीटरवर आहे. तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक सांगितला नाही का? मग कन्सल्टंट कच्चा आहे.

माटुंगा_लेबर_कॅम्प:
एक विनंती. लाफिंग बुद्ध म्हणजे तथागत गौतम बुद्ध नव्हेत. तो बुदाई नावाचा चिनी भिक्खू, पोट सुटलेला, खांद्यावर झोळी, त्याला मैत्रेयाचा अवतार मानतात. आमच्या घरी बुद्धमूर्ती आहे ती पैसा यावा म्हणून नाही. शोकेसमध्ये ठेवा खुशाल, पण देव्हाऱ्यात बसवून त्याला पैशाचं मशीन करू नका आणि दोघांना एक समजू नका एवढंच.

सुतारकाम_ठाणे:
वहिनी मी फर्निचरची कामं करतो, दिशेचं मला विचारू नका, भिंतीचं सांगतो. तुमच्या टॉवरच्या भिंती मायवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून केलेल्या, असतील तर आतून सगळ्या आरसीसी, सळ्याच सळ्या, म्हणून मोबाइलचा होकायंत्र भिंतीला चिकटून बघाल तर कुठलीही दिशा दाखवेल. खोलीच्या मधोमध उभे राहा, फ्रिज आणि लोखंडी कपाटापासून लांब, मोबाइल हवेत इंग्रजी आठसारखा फिरवा मग बघा. नाहीतर सरळ सकाळी सूर्य कुठून येतो बघा, त्याला बॅटरी लागत नाही.

आणि समईच्या वर बंद कप्पा करू नका. एका कस्टमरने माझं न ऐकता देव्हाऱ्यावर लॉफ्ट काढून घेतलं, सहा महिन्यांत वरचं लॅमिनेट काळं पडून फुगलं, मग मलाच फोन. समईच्या वर मोकळं ठेवा, गॅसच्या पाइपलाइनपासून लांब, आणि खाली एक ड्रॉवर नक्की घ्या, वाती, कापूर, काडेपेटी नाहीतर हॉलभर फिरतात.

शालिनी_आजी_दादर:
अगं पोरी, आमची खोली दहा बाय बारा, माणसं सात. देव कपाटाच्या वरच्या फळीवर, सासूबाई स्टुलावर चढून पूजा करायच्या, दिशा कुठली ते आजतागायत मला माहीत नाही. महादेवाची पिंडी होती तिच्या शाळुंकेचं तोंड तेवढं उत्तरेला ठेवायचो, बाकी जिथे फळी तिथे देव. तू एक कर, तुझ्या सासूबाईंना विचार की उभ्याने पूजा जमते का खाली बसून. माझे गुडघे गेले तेव्हा मुलाने देव्हारा कमरेच्या उंचीवर घेतला, त्याआधी दोन वर्षं मी नुसती लांबून हात जोडत होते. टाकांना हळदकुंकू बोटाने लागलं पाहिजे, लांबून नाही लागत.

सिंगापूर_रिटर्न:
आजी शंभर टक्के. ताई, किचनची पूर्वेची भिंत मोकळी आहे का? तिच्या पलीकडे लॉबी असणार. देव पश्चिमेला बघतील, सासूबाई पूर्वेला.

कांजूरची_सून:
सगळ्यांना खूप खूप थँक्यू. अपडेट देते. शनिवारी होकायंत्र घेऊन घरभर फिरलो. त्या पूर्वेच्या भिंतीला फ्रिज होता, आधी ॲप मी फ्रिजला टेकूनच लावलं होतं, तिथे काटा जवळजवळ अर्धा फिरलेला, मधोमध आल्यावर सरळ झाला, नशीब कोपरे तेच निघाले. मिस्टरांना टॉयलेटच्या भिंतीला कान लावायला सांगितला मी, तेवढ्यात वरच्या मजल्यावर कोणीतरी फ्लश केला, त्यांनी स्वतःच म्हटलं नको इथे.

मग फ्रिज हॉलमध्ये काढला आणि त्याच्या जागी देव्हारा. ओटा दक्षिणेच्या खिडकीखाली आहे, गॅस बऱ्यापैकी लांब. उंची सासूबाईंना उभं करून पेन्सिलने मार्क केली, त्या म्हणाल्या अजून दोन बोटं खाली घे, म्हणून दोन बोटं खाली घेतली. अन्नपूर्णा स्वयंपाकघरात आली म्हणून त्या खूश, जागा आग्नेयेची निघाली म्हणून ॲपही खूश असेल. नणंदेला मी एवढंच सांगितलंय की वेल्थ कॉर्नरला लावला, कोणता ते तिने विचारलं नाही. लाफिंग बुद्ध टीव्हीशेजारी सेटटॉप बॉक्सवर बसलाय. कारंजं घेतलं नाही.

आता फ्रिज हॉलमध्ये दारासमोर आलाय आणि सासूबाई म्हणतात आल्या आल्या पाहुण्यांना फ्रिज दिसतो. त्यावर काही आहे का कोणाकडे?

खडूस_गिरगावकर:
आहे. पाहुणे कमी बोलवा.