पंचमदांची शेवटची वर्षं खरंच वाया गेली का?

सुरांचा_नाद: पंचमदा म्हणजे संगीतकार आरडी बर्मन, त्यांच्याबद्दल कुठेही वाचा, तीच स्टोरी. सत्तरच्या दशकात राज्य केलं, ८५ नंतर संपले, मग ‘१९४२ अ लव्ह स्टोरी’ आला पण तोवर ते गेलेले. मला हे पटत नाहीये. त्यांच्या चाली खरंच आटल्या होत्या का काम मिळेनासं झालं? आणि ती मधली वर्षं ऐकायची तर सुरुवात कुठून करू?

जुनी_रेकॉर्ड: आटल्या कसल्या! ‘सनम तेरी कसम’ आणि ‘मासूम’, १९८२ आणि ८३, दोन्हीला फिल्मफेअर आहे. पण नंतर मारधाडीचे सिनेमे आणि डिस्कोची लाट आली, त्यात पंचमदांचे बरेच सिनेमे लागोपाठ पडले आणि इंडस्ट्रीत पडलेल्या सिनेमाचं खापर संगीतकारावरही फुटतं. निर्माते नासिर हुसेन १९६६ च्या ‘तीसरी मंझिल’पासून त्यांच्याकडे यायचे, तरी ८८ ला त्यांच्या बॅनरचा ‘कयामत से कयामत तक’ आनंद-मिलिंदना गेला. ८७ ला किशोरदा (किशोर कुमार) गेले, ८८ ला स्वतःला हार्ट अटॅक. माणूस कुठून कुठून सावरणार?

ठेका_धरा: वरचं बरोबर आहे पण सगळंच इंडस्ट्रीवर ढकलू नका, त्या काळातल्या काही सिनेमांत काम उरकल्यासारखं वाटतं, फॅन असलो तरी बोलायला हवं. मात्र जिथे मन लागलं तिथे काय केलंय बघा. ‘इजाजत’ (१९८७) मधलं ‘कतरा कतरा’ हेडफोन लावून ऐका, आशाताईंची एक ओळ संपायच्या आत त्यांचाच दुसरा आवाज तिच्यावर चढतो, दोन ट्रॅक एकावर एक, आणि तरी कुठे गर्दी वाटत नाही. सिनेमात चारच गाणी, चारही आशाताईंची. ‘मेरा कुछ सामान’साठी आशाताई आणि गुलजार दोघांना नॅशनल अवॉर्ड. यमक नाही, मीटर नाही, पत्रातला मजकूर वाटावा असे शब्द, त्याला चाल लावून दाखवा म्हणावं कुणीतरी!

सुरांचा_नाद: ऐकतोय आत्ताच, तो दुसरा आवाज आधी कधी लक्षातच आला नव्हता. मग १९४२ कसा मिळाला त्यांना?

जुनी_रेकॉर्ड: १९४२ चे दिग्दर्शक विधू विनोद चोप्रा, त्यांनी आधी ‘परिंदा’ (१९८९) त्यांच्याकडूनच करून घेतला होता, त्यांचा भरवसा होता. ४ जानेवारी १९९४ ला पंचमदा गेले, वय फक्त ५४, सिनेमा आला त्याच वर्षी जुलैत, तिसरं फिल्मफेअर गेल्यावर मिळालं. ह्याचा राग अजून जात नाही माझा.

ठेका_धरा: ऐकायचा क्रम सांगतो. आधी ‘दिल पडोसी है’, ८७ चा अल्बम, सिनेमाचा नाही, गुलजार आणि आशाताईच. मग ‘लिबास’मधलं लताबाईंचं ‘सीली हवा छू गयी’, मग ‘परिंदा’. १९४२ सगळ्यात शेवटी ठेव, बाकीचं कानात मुरल्यावर.