मुलांना वर्गाबाहेर नेऊन निसर्ग शिकवायचाय, कुठल्या संस्थांची खरंच मदत होते?

वर्गाबाहेर

नमस्कार मंडळी. मी पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवते. ह्या वर्षीपासून मुख्याध्यापकांनी आठवड्यातला एक जोडतास मुलांना बाहेर न्यायला दिलाय. बाहेर म्हणजे शाळेचं मैदान, कुंपणालगतची झाडं आणि चालत जाण्याइतक्या अंतरावर एक ओढा आहे तिथपर्यंत, शिवाय वर्षातून एक लांबची क्षेत्रभेट. परवानगी मिळाली हेच मोठं काम झालं, पण आता बाहेर नेऊन नेमकं करायचं काय हा प्रश्न आहे.

मागे एका संस्थेला बोलावलं होतं. त्यांनी स्लाइड दाखवल्या, घोषणा घेतल्या, प्रत्येकाला एकेक रोप दिलं, फोटो काढले आणि गेले. मुलं खूश होती पण दुसऱ्या दिवशी काय काय बघितलं असं विचारलं तर कोणालाच काही सांगता येईना, कारण बघितलं काहीच नव्हतं, सगळं हॉलमध्ये बसून ऐकलं होतं. मला तसं परत नकोय.

जगभरात ह्या विषयावर काम करणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत असं दिसतं पण कोणाचं साहित्य फुकट मिळतं, कोण शिक्षकांना ट्रेनिंग देतं, कोण फक्त शिबिरं घेतं हे काही कळत नाही. ज्यांनी वापरून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा. आणि संस्था चांगली की नाही हे आधी कसं ओळखायचं तेही.

---

मातकट

ताई, आधी एक गोष्ट ठरवा, तुम्हाला संस्था कशासाठी हवीय. कारण कोणी शाळेचा कारभारच बदलायला मदत करतं, कोणी मुलांकडून खरी मोजमापं करून घेतं, कोणी शिक्षकाला खेळ आणि पाठ देतं आणि कोणी मुलांना डोंगरदऱ्यात नेऊन आणतं, आणि ही सगळी वेगवेगळी कामं आहेत. सगळ्यांना आपण 'पर्यावरणवाले' म्हणून एकाच टोपलीत टाकतो मग अपेक्षाभंग होतो.

शाळेच्या पातळीवरचं सगळ्यात पसरलेलं काम म्हणजे इको-स्कूल्स. फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन ही संस्था 1981 पासून आहे, चांगल्या समुद्रकिनाऱ्यांना ब्लू फ्लॅग हे मानांकन देतात ते हेच लोक. 1992 च्या रिओच्या पर्यावरण परिषदेनंतर त्यांनी 1994 मध्ये शाळांसाठी हा कार्यक्रम सुरू केला. सात पायऱ्या आहेत. मुलांची समिती, शाळेची पाहणी, कृती आराखडा, त्यावर देखरेख, अभ्यासक्रमाशी जोड, आजूबाजूच्या लोकांना सामील करून घेणं आणि शेवटी मुलांनी स्वतः लिहिलेली आचारसंहिता. ह्यातली माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी पाहणीची, कारण तिथे मुलं शाळेतला कचरा वजन करून बघतात, गळके नळ मोजतात, मीटरचं रीडिंग घेतात, कुठल्या खोलीत दिवसा लाईट लागते ते लिहून ठेवतात आणि मग मोठ्यांशी आकड्यांनी बोलतात. बारा वर्षांची मुलगी मुख्याध्यापकांसमोर उभी राहून पाण्याचा हिशोब मांडते तेव्हा तिला कळतं की आपलं म्हणणं ऐकलं जातं, आणि हे कुठल्याही भाषणाने होत नाही.

प्रत्येक देशात हा कार्यक्रम एखादी संस्था चालवते आणि नोंदणी तिच्याकडूनच होते, फीचे नियम देशागणिक वेगळे. शेवटी शाळेला ग्रीन फ्लॅग नावाचं मानांकन मिळतं पण त्याच्या मागे लागू नका ही कळकळीची विनंती. मी अशा शाळा बघितल्यात जिथे फाइल चकचकीत आणि मुलांना समिती कोणाची हेही माहीत नाही.

त्याच संस्थेचा लर्निंग अबाउट फॉरेस्ट्स म्हणजे लीफ हा कार्यक्रम तुमच्या जोडतासाला जास्त जवळचा आहे, कारण तो सरळ झाडांमध्ये जाऊन शिकायचा आहे. आणि मोठ्या मुलांसाठी यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्नमेंट, त्यात 11 च्या पुढची मुलं आपल्या भागातला प्रश्न शोधून त्यावर लेख, फोटो किंवा व्हिडिओ करतात. तुमच्या ओढ्यावर एक बातमी सहज होईल.

---

ढगनोंद

मी ग्लोब ह्या, मुलांकडून निसर्गाची मोजमापं करून घेणाऱ्या कार्यक्रमाबद्दल लिहितो कारण आमच्या शाळेत तो बरीच वर्षं चाललाय आणि मला तो मनापासून आवडतो. 1994 मध्ये जाहीर झाला, 1995 च्या वसुंधरा दिनापासून सुरू, मागे नासा आहे आणि आता 120 हून जास्त देशांतल्या शाळा त्यात आहेत. हवा, पाणी, माती आणि सजीव असे चार भाग. प्रत्येक मोजमापाची ठरलेली पद्धत, ती शिक्षकाने आधी शिकून घ्यायची, ट्रेनिंग ऑनलाइन आणि फुकट, मग तुमच्या मुलांच्या नोंदी जगातल्या बाकी नोंदींबरोबर जमा होतात आणि शास्त्रज्ञ त्या वापरू शकतात.

सुरुवात ढगांपासून करा. उपकरण काही लागत नाही. आकाशाचा किती भाग झाकलाय, ढग कुठल्या प्रकारचे, प्रकाश किती आरपार येतोय एवढंच. त्याआधी वर्गात एक छोटा प्रयोग आहे तो नक्की घ्या, निळ्या कागदावर पांढऱ्या कागदाचे तुकडे फाडून चिकटवायचे, मुलांनी आपापसात ठरवायचं किती टक्के आणि दुसऱ्या गटाने नुसतं बघून अंदाज सांगायचा. बहुतेक वेळा अंदाज जास्तच निघतो, आणि तिथे मुलांना पहिल्यांदा कळतं की डोळ्यांनी बघितलेलंही तपासून घ्यावं लागतं. नोंद केली त्या सुमाराला उपग्रह वरून गेला असेल तर त्याने टिपलेलं आणि तुम्ही टिपलेलं शेजारी शेजारी ठेवून नासाकडून ईमेल येतो. तो ईमेल आला त्या दिवशी मुलांनी तास संपला तरी उठायचं नाव घेतलं नाही.

दुसरं झाडाची उंची. कोनमापक, एक स्ट्रॉ, दोरा आणि खाली बांधायला एखादं वजन एवढ्यात उंची मोजायचं साधन तयार होतं. तुमच्या मुलांना त्रिकोणमिती येत नसणार तर 45 अंशाची युक्ती वापरा, झाडाचा शेंडा बरोबर 45 अंशात दिसेपर्यंत मागे सरकायचं, मग झाडापासूनचं अंतर अधिक स्वतःच्या डोळ्यांची उंची म्हणजे झाडाची उंची. जमीन सपाट हवी एवढं बघा.

फक्त एक, हे नेमाने केलं तरच अर्थ आहे. एकदा करून सोडलं तर तो विज्ञानाचा तास झाला, परिसराशी ओळख झाली नाही.

---

पायवाट

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, मी लांबच्या क्षेत्रभेटीबद्दल लिहिते. मी मुलांना बाहेर नेणाऱ्या एका संस्थेत काम करते, नाव देत नाही कारण जाहिरात करायची नाहीये.

आउटवर्ड बाउंड ह्या साहसी शिबिरं घेणाऱ्या संस्थेचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. 1941 साली वेल्समधल्या अबरडोव्हीत कर्ट हान आणि लॉरेन्स होल्ट यांनी सुरू केलं, युद्धाच्या काळात बोट बुडाल्यावर तरुण खलाशांनी तग धरावा म्हणून. म्हणजे मुळात हेतू धीर, एकमेकांवरचा भरवसा, स्वतःची ताकद ओळखणं हा आहे. त्याच सुमाराला, 1943 मध्ये, ब्रिटनमध्ये फील्ड स्टडीज कौन्सिल निघालं, त्यांचा हेतू अगदी वेगळा, शेतात, डबक्यात, किनाऱ्यावर जाऊन जीवशास्त्र आणि भूगोल शिकणं. दोन्ही बाहेर, पण मुलं परत येताना वेगवेगळं घेऊन येतात. दोरीवरून दरी ओलांडलेल्या मुलाला दरीतल्या एका झाडाचं नाव माहीत नसेल तर त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला पर्यावरण शिक्षण म्हणू नये. स्काउटिंगमध्ये दोन्हीची सांगड घालायचा प्रयत्न पहिल्यापासून आहे आणि चांगला गटप्रमुख असला तर ती छान जमते.

तुमच्यासाठी खरी शिकण्यासारखी गोष्ट फॉरेस्ट स्कूलची आहे. मूळ डेन्मार्कच्या बालवाड्यांमधलं, 1993 मध्ये इंग्लंडमधल्या एका कॉलेजचे लोक ते बघून आले आणि तिथे रुजवलं. त्यांचं पहिलंच तत्त्व असं की हे एकदाचं नाही, त्याच जागी त्याच मुलांना पुन्हा पुन्हा न्यायचं, शक्यतो सगळ्या ऋतूंमधून. तुमचा आठवड्याचा जोडतास त्यात चपखल बसतो आणि खरं सांगू, तो लांबच्या क्षेत्रभेटीपेक्षा कितीतरी मौल्यवान आहे, क्षेत्रभेट रद्द झाली तरी चालेल पण जोडतास कोणाला देऊ नका. पोर्शन राहिला म्हणून गणिताचे सर मागायला येतील, तेव्हा ठाम राहा.

संस्था निवडताना मी स्वतः पालक असते तर हे विचारलं असतं, आदल्या आठवड्यात जागा बघून येणारा माणूस आणि त्या दिवशी मुलांबरोबर असणारा माणूस एकच आहे का, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग कोणाकडे आहे आणि ते कधी झालं, दोन मोठी माणसं कायम बरोबर असतात का, काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासलीय का, जवळचं हॉस्पिटल किती लांब आणि गाडी थांबून असते का, आणि पावसाने पाणी वाढलं तर रद्द करायचा निर्णय कोण घेतं. शेवटच्या प्रश्नाला "बघू त्या वेळी" असं उत्तर आलं तर तिथेच नमस्कार करा. गडगडाट ऐकू आला की आसऱ्याला जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हे ज्यांना विचारल्याबरोबर सांगता येतं त्यांच्याकडे मुलं द्यावीत.

---

वर्गाबाहेर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ढग आणि झाडाची उंची पुढच्याच आठवड्यात घेते. अजून तीन शंका आहेत. ओढ्यावर काय घ्यायचं, पाणी घोट्याएवढंच आहे पण जरा वास येतो. दुसरं, सहावीतला एक मुलगा व्हीलचेअरवर आहे, त्याला ओढ्यापर्यंत नेता येत नाही आणि त्याला वर्गात ठेवून बाकीच्यांनी जायचं हे मला पटत नाही. तिसरं, एक कंपनी सगळा खर्च द्यायला तयार आहे, टोप्या टीशर्ट वगैरे त्यांच्या नावाचे आणि त्यांचा माणूस येऊन तास घेणार म्हणतात. घ्यावं का?

---

पायवाट

मुलाचं आधी. जागाच बदला. ओढ्याचं पाणी आणि तळाची थोडी माती उथळ पांढऱ्या ट्रेमध्ये घेऊन मैदानावरच्या टेबलावर ठेवली तर सगळा वर्ग तिथेच काम करू शकतो, आणि किडे शोधायला तसाही ट्रेच लागतो. दुसरं असं की कुंपणालगतची झाडं ही कायमची जागा ठरवा आणि ओढा कधीतरीचा, उलटं नको. लर्निंग थ्रू लँडस्केप्स ही ब्रिटनमधली संस्था फक्त शाळेच्या आवारावरच काम करते, आवारात काय काय करता येतं ह्याचे त्यांचे भरपूर पाठ आहेत. आणि त्या मुलालाच विचारा त्याला काय करायला आवडेल, आपण त्याच्या वतीने ठरवून टाकतो ते बरोबर नाही.

वास येणाऱ्या पाण्यात मुलांना उतरवू नका. पाणी मोठ्या माणसाने हातमोजे घालून काढायचं, मुलांच्या हातावर जखम असेल तर त्याने फक्त नोंदी घ्यायच्या, नंतर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

---

मातकट

ओढ्यातले किडे हीच तुमची प्रयोगशाळा. मेफ्लाय, स्टोनफ्लाय ह्या उडणाऱ्या कीटकांची पिल्लं पाण्यात वाढतात आणि त्यांना स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनचं पाणी लागतं. लाल रंगाच्या बारीक अळ्या ऑक्सिजन कमी असलेल्या गाळातही तगून राहतात. म्हणजे ट्रेमध्ये कोण सापडलं ह्यावरून पाण्याची अवस्था कळते, पाणी तपासायचं महागडं किट नसलं तरी. वास येतोय म्हणताय तर लाल अळ्याच जास्त सापडतील, पण हे मुलांना आधी सांगू नका, त्यांनाच शोधू द्या. मग प्रश्न आपोआप येतो, वास कुठून येतोय, आणि वरच्या बाजूला चालत गेलं की उत्तर सापडतं. चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी 1991 मध्ये टांझानियात रूट्स अँड शूट्स हा मुलांचा कार्यक्रम सुरू केला त्यातही हीच पद्धत आहे, आधी आपल्या परिसराचा नकाशा मुलांनी काढायचा, माणसं, प्राणी आणि निसर्ग ह्या तिघांचे प्रश्न त्यावर मांडायचे आणि मग काय करायचं ते मुलांनी निवडायचं.

बाहेर जाता येणार नाही अशा दिवशी मैदानावर प्रोजेक्ट वाइल्ड ह्या वन्यजीव शिकवणाऱ्या कार्यक्रमातला हरणांचा खेळ घ्या. अर्धी मुलं हरणं, अर्धी अन्न, पाणी आणि निवारा. पाठमोरं उभं राहून प्रत्येकाने खूण ठरवायची, पोटावर हात म्हणजे अन्न, तोंडावर हात म्हणजे पाणी, डोक्यावर हात म्हणजे निवारा, मग वळून हरणाने आपल्या गरजेची खूण करणाऱ्याला गाठायचं. मिळालं तर तो हरणांच्या बाजूला येतो, नाही मिळालं तर हरीण मरतं आणि समोरच्या बाजूला जातं. प्रत्येक फेरीत हरणं किती ते फळ्यावर लिहा, आलेख काढला की चढउतार दिसतात. व्हीलचेअरवरच्या मुलालाही खेळता येतो, धावायच्या ऐवजी सगळ्यांनी चालायचं असा नियम केला की झालं.

कंपनीबद्दल. पैसे घेण्यात गैर काही नाही, पण तास तुमचा. त्यांच्या माणसाने मुलांसमोर काय बोलायचं हे आधी लेखी मागा, आणि त्या ओढ्यात जे सापडेल ते मुलांनी जाहीर केलं तर त्यांना चालेल का हे स्पष्ट विचारा. टोप्यांऐवजी ट्रे, भिंगं, दोऱ्या, दोन हातगाळण्या मागा. पर्यावरण शिक्षणावरच्या 1977 च्या तिबिलिसी परिषदेत युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ह्या शिक्षणाची उद्दिष्टं ठरवली त्यात जाणीव आणि ज्ञानाबरोबर दृष्टिकोन, कौशल्यं आणि प्रत्यक्ष सहभाग आहे. टीशर्ट घालून घोषणा दिल्या तर त्यातलं काय होतं ते तुम्हीच बघा.

---

ढगनोंद

मोबाइलबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. आयनॅचरलिस्ट ह्या सजीवांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर 13 वर्षांखालच्या मुलांना खात्यासाठी पालकांची परवानगी लागते, तुमच्या मुलांसाठी त्यांचंच सीक हे सजीव ओळखणारं ॲप आहे, त्यात खातंच लागत नाही. पण सगळ्या वर्गात मिळून एकच फोन ठेवा आणि तोही तुमच्या हातात. आधी मुलांनी पान हातात घेऊन कडा, शिरा, वास ह्याचं वर्णन वहीत करायचं, चित्र काढायचं, मग ॲपला विचारायचं. ॲपने सांगितलेलं नाव आणि मुलांची नोंद जुळत नसेल तर दोन्ही वहीत लिहून ठेवा, फूल आल्यावर त्याच झाडापाशी जाऊन परत बघता येईल.