जुनी तीन इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी पाइप) काढून पीव्हीसी टाकायची आहे, अडीच इंची पुरेल का?

कांदेवाला_सिन्नर:
विहिरीपासून वरच्या वावरापर्यंत ६०० मीटर जीआय लाइन आहे, तीन इंची, वडिलांच्या काळातली. मोटर पाच एचपीची, ओपनवेल. चढ साधारण २५ मीटर. वरच्या टोकाला २०० लिटरचा ड्रम भरायला ४० सेकंद लागतात. वडील सांगतात, पूर्वी याच मोटरवर धार बरीच जोरात पडायची. परवा मधलं एक सॉकेट खोललं तर आत तांबूस गाठी, बोट लावलं की खपल्या हातात येतात. आता सगळी लाइन पीव्हीसी करतोय. दुकानदार म्हणतो, प्लास्टिक गुळगुळीत असतं, ७५ एमएम म्हणजे अडीच इंचीत भागेल, तीन इंचीचा खर्च कशाला? जाणकारांनी सांगावं.

मळेकरी:
भाऊ, आमची ४०० फूट लाइन अडीच इंचीच आहे, पाणी झकास येतं. टाका बिनधास्त.

निवृत्त_पाणीपुरवठा:
मळेकरी दादा, त्यांची लाइन तुमच्या पाचपट लांब आहे, आणि घर्षण लांबीच्या पटीत वाढतं. तुमच्याकडे जे चाललं ते तिथे चालेलच असं नाही.

कांदेवाले, ड्रमच्या हिशेबाने तुमच्याकडे सेकंदाला ५ लिटर पाणी येतंय. पाइपातलं घर्षण काढायच्या हेझन-विल्यम्सच्या सूत्रात पाइपच्या गुळगुळीतपणासाठी ‘सी’ हा आकडा धरतात: पीव्हीसीला १५०, नव्या जीआयला १२०, गंजलेल्या जीआयला १०० किंवा त्याहून कमी. एवढंच पाणी ६०० मीटर न्यायला तीन इंची जीआय नवी असताना सुमारे १० मीटर हेड (म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) खात होती. ‘सी’ १०० झाला की १४ मीटर, ८० झाला की २२. गाठींनी आतली वाटही अरुंद केलेली असते, ती वेगळीच.

आता पीव्हीसी. यात ७५ एमएम हे बाहेरचं माप. सहा किलो प्रेशरच्या पाइपची आतली वाट ७० एमएमच्या आसपास उरते. तुमच्या तीन इंची जीआयची मात्र आतूनच ८० आहे. त्यामुळे अडीच इंची पीव्हीसीत घर्षण १४ मीटर येतं. म्हणजे पैसे खर्चून पाणी जवळपास आहे तेवढंच! ९० एमएम म्हणजे तीन इंची टाकलीत तर साडेपाच मीटर. गुळगुळीतपणाचा फायदा खरा आहे, पण घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतं, त्यामुळे व्यास थोडा कमी केला की तो सगळा फायदा तिथेच संपतो.

गाठी एवढ्या का नडतात तेही सांगतो. निकुराड्झे या अभियंत्याने जर्मनीत पाइपांना आतून वाळू चिकटवून प्रयोग केले होते, ते १९३३ साली प्रसिद्ध झाले. भिंतीला लागून पाण्याचा एक अगदी पातळ, संथ थर असतो. कण त्या थरात बुडालेले असले तर प्रवाहाला जाणवतही नाहीत. थराबाहेर डोकावले की प्रत्येक कणामागे भोवरे उठतात आणि मोटरने दिलेला दाब तिथे खर्च होतो. पीव्हीसीचा खरखरीतपणा त्या थरात बुडून जातो, गंजाची गाठ कशी बुडेल?

कांदेवाला_सिन्नर:
साहेब, हे कोणीच नीट सांगितलं नव्हतं. मग ९० एमएमच घेतो. मोटर हीच चालेल ना?

निवृत्त_पाणीपुरवठा:
चालेल, पण हेड कमी झालं की सेंट्रिफ्यूगल (पंखा फिरवून पाणी फेकणारा, तुमच्यासारखा) पंप पाणी जास्त ओढतो आणि करंट वाढू शकतो. पहिल्या दिवशी अ‍ॅम्पिअर बघा. मोटरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त दिसले तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा आवळा. विहिरीचा उपसाही वाढेल, उन्हाळ्यात पाण्यावर लक्ष ठेवा.

जोडताना कापलेली कड आतून घासून घ्या आणि सोल्युशन (पाइप चिकटवायचं) बेताने लावा. जास्त झालं की आत ओघळून घट्ट वळी बसते. लाइन किमान दोन-अडीच फूट खोल पुरा, उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होते.