जानापावच्या झऱ्याचं पाणी थेट प्यावं का?

रामबागवाली (इंदूर): परवा महूजवळच्या जानापाव डोंगरावरून उतरताना कातळात वीतभर लाल मातकट पट्टा दिसला. बरोब्बर त्याच्या वरच्या कडेनं पाणी झिरपत होतं. ओंजळ धरली, गार आणि नितळ! घरी मात्र आपण जार मागवतो आणि त्याला मिनरल वॉटर म्हणतो. बहुतेक बाटल्यांवर नीट वाचा, 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' लिहिलेलं असतं. नैसर्गिक मिनरल वॉटरचं भारतीय मानकच वेगळं आहे, आयएस १३४२८. त्यातले क्षार उगमापासूनचे असतात, मागाहून घातलेले नाहीत. पाणी गाळायचं आणि क्षार मिसळायचं काम डोंगर फुकट करतो, मग यंत्र कशाला?

लोकमान्यनगरकर: ताई, इथे मी अजिबात सहमत नाही. फ्रान्समधल्या एव्हियाँचं बाटलीबंद पाणी हिमनदीनं आणून टाकलेल्या वाळूतून पंधराएक वर्षं मुरत येतं. आपल्या माळव्यात बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा कातळ. त्याच्या भेगांतून पाणी भराभर उतरतं, गाळलं जायला वेळच मिळत नाही. तो लाल पट्टा म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली जुनी माती. ती पाणी अडवते, म्हणून झरा तिथे फुटतो. वर गुरं बसली की पावसात सगळं खाली येतं. लहानपणी अशाच एका झऱ्याचं पाणी पिऊन आमच्या घरात तिघांना कावीळ झाली होती. आई महिनाभर उठली नाही. नितळ दिसलं म्हणून पिऊ नका हो.

महूकर: आणि शहराचं काय? १९७८ साली नर्मदा आली म्हणून इंदूर तगलं. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरएक किलोमीटर पाणी चढवून आणतात. झऱ्यांवर शहर चालत नाही.

रामबागवाली: शहर चालवा असं मी कुठे म्हटलं? काविळीचं वाचून मात्र वाईट वाटलं, तपासल्याशिवाय पिणार नाही. पण कातळ गाळत नसेल तर गाळतं कोण? वरची माती, मुरूम, झाडांची मुळं. तीच खरवडली तर उरलं काय? फ्रान्समधल्याच व्हिटेलला, जिथलं पाणी बाटल्यांत भरून विकतात, शेतांतल्या खतांचं नायट्रेट झऱ्यात उतरायला लागलं. ते विरघळलेलं असतं, वाळूत अडकत नाही. तेव्हा कंपनीनं वरच्या शेतकऱ्यांना पैसे देऊन मका आणि रासायनिक खत सोडायला लावलं. बाटलीवाल्यांनाही शेवटी जमीनच राखावी लागली!

लोकमान्यनगरकर: हे पटलं. उतारावर झाडं लावायची असतील तर येत्या पावसाळ्यात मी येतो. प्यायचं पाणी मात्र घरून उकळून आणीन.